‘सन ऑफ सॉल’: माती देणं आणि मातीत ठेवणं

‘सन ऑफ सॉल’ मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या खोलीत, रूममेटच्या लॅपटॉपवर. फाइल कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आलेली, सबटायटल्स दोन सेकंद मागे. दिग्दर्शक लास्लो नेमेश हंगेरीचा, हा त्याचा पहिलाच चित्रपट, २०१५ला कानमध्ये ग्रां प्री आणि पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर, एवढंच ठाऊक होतं. चित्रपट संपला तेव्हा मी सॉलवर, म्हणजे नायकावर, भयंकर चिडलो होतो. तो राग बरीच वर्षं टिकला. अलीकडे चित्रपट पुन्हा पाहिला. मधल्या काळात काही पुस्तकं वाचून झाली होती, आणि या वेळी राग सॉलवरून सरकून दिग्दर्शकाकडे गेला. असं का झालं ते सांगायचं तर कथानक सांगावंच लागेल. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधी चित्रपट पाहून यावं, आणि शक्यतो चांगले हेडफोन लावून. का, ते पुढे येईलच.

काळ ऑक्टोबर १९४४चा. जागा बिर्केनाऊ, आउश्वित्झचा तो भाग जिथे गॅस चेंबर आणि दाहगृहं होती. त्या वर्षी मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक ज्यू रेल्वेने बाहेर नेण्यात आले. त्यांतले बहुतेक सगळे इथे आणले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांना आल्या दिवशीच मारण्यात आलं. मारण्याचं काम एसएसचं. पण माणसांना कपडे उतरवायच्या खोलीत नेणं, नंतर प्रेतं बाहेर ओढणं, केस कापणं, सोन्याचे दात उपटणं, जाळणं, राख नदीत टाकणं हे सगळं ज्यू कैद्यांच्याच एका तुकडीकडून जबरदस्तीने करून घेतलं जाई. तिचं नाव झोन्डरकमांडो. बाकी छावणीपासून त्यांना वेगळं ठेवत, आणि अधूनमधून त्यांच्यातल्यांनाही मारून नवीन माणसं आणत, कारण ते सगळं पाहिलेले साक्षीदार होते.

सॉल औसलँडर या तुकडीतला हंगेरियन ज्यू. एके दिवशी प्रेतांच्या ढिगात एक मुलगा जिवंत सापडतो, श्वास चालू असलेला. एक जर्मन डॉक्टर तिथेच त्याचा श्वास दाबून त्याला संपवतो आणि शवविच्छेदनाचा हुकूम देतो. हा आपला मुलगा आहे असं सॉल म्हणू लागतो. तुला मुलगाच नाही, असं त्याचे साथीदार त्याला सांगतात. खरं काय ते चित्रपट सांगत नाही, आणि ते बरंच आहे. सॉलला आता एकच गोष्ट करायची आहे. हा मुलगा भट्टीत जाऊ नये, रब्बायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणावी, आणि त्याला मातीत पुरावं. आपल्याकडे ज्याला माती देणं म्हणतात, तेवढंच.

त्याच वेळी त्याच्या आजूबाजूला उठावाची तयारी चालू आहे. अब्राहम नावाचा साथीदार त्याला स्त्री कैद्यांकडे पाठवतो, बंदुकीच्या दारूची पुडी आणायला. सॉल ती आणतो. मग रात्री, जिथे नव्या गाडीतल्या माणसांना खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घालताहेत, तिथे तो रब्बाय शोधत गर्दीत घुसतो आणि पुडी हरवून बसतो. ज्याला वाचवून आणतो तो रब्बाय निघतच नाही. जिवंतांना तू मेलेल्यांसाठी वाऱ्यावर सोडलंस, अशा अर्थाचं अब्राहम त्याला सुनावतो.

हॉस्टेलमध्ये मी शंभर टक्के अब्राहमच्या बाजूने होतो.

त्या रागाचं मूळ मला नंतर प्रिमो लेवीच्या ‘द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड’ या पुस्तकात सापडलं. लेवी रसायनशास्त्रज्ञ, स्वतः आउश्वित्झमधून वाचलेला. एकदा तो पाचवीच्या वर्गात बोलायला गेला. तुम्ही पळून का नाही गेलात, असं एका मुलाने विचारलं. मग त्याने लेवीकडून फळ्यावर छावणीचा नकाशा काढून घेतला: मनोरे, फाटकं, तारांचं कुंपण, वीजकेंद्र. थोडा विचार केला आणि योजना सांगितली. रात्री पहारेकऱ्याला मारायचं, त्याचे कपडे घालायचे, वीजकेंद्रात जाऊन वीज तोडायची, म्हणजे दिवेही जातील आणि कुंपणातला करंटही. मग निघून जायचं. पुन्हा कधी वेळ आली तर असंच करा, असंही त्याने बजावलं. त्या मुलाला हसण्याचा मला अधिकार नाही. मीही चित्रपट पाहताना तेच करत होतो. सिस्टीम समोर आहे, तिच्यातला कच्चा दुवा शोधा, वेळ साधा, आणि मध्ये हा सॉल नावाचा माणूस सगळा प्लॅन बिघडवतोय. आम्हा लोकांना प्रत्येक गोष्ट डीबग करण्याजोगी वाटते.

ही भूक भागवणारे चित्रपट आहेत, आणि ते खोटे आहेत असंही नाही. सोबिबोर या संहारछावणीत १४ ऑक्टोबर १९४३ला उठाव झाला. तो घड्याळावर बेतला होता. त्याच्या तीनेक आठवडे आधी मिन्स्कहून आलेल्या गाडीत अलेक्झांडर पेचेर्स्की हा सोव्हिएत लष्करातला ज्यू अधिकारी होता. त्याने आणि आधीपासून तिथे असलेल्या लिऑन फेल्डहेंडलरने मिळून बेत आखला: एकेका एसएसवाल्याला ठरलेल्या वेळी शिंप्याकडे कोट घालून बघायला किंवा चांभाराकडे बूट घालून बघायला बोलवायचं, आणि तिथे कुऱ्हाडीने मारायचं. सुमारे ६०० कैद्यांपैकी ३००च्या आसपास बाहेर पडले. त्यांतले जेमतेम ५० युद्ध संपलेलं पाहायला उरले. १९८७च्या ‘एस्केप फ्रॉम सोबिबोर’मध्ये हे सगळं आहे, मुठी आवळून पाहावं असं.

पण त्याच घटनेवर क्लोद लान्झमानचा चित्रपट आहे, २००१चा, आणि त्याचं नावच तारीख आणि वेळ आहे: ‘सोबिबोर, १४ ऑक्टोबर १९४३, दुपारी ४’. त्यात उठाव दाखवलेलाच नाही. येहूदा लेर्नर हा माणूस बसून बोलतो. उठावाच्या वेळी तो पोरसवदा होता. ही मुलाखत लान्झमानने १९७९मध्येच घेऊन ठेवली होती. जर्मन वक्तशीर होते म्हणून आम्ही जिंकलो, असं लेर्नर सांगतो. ज्या वक्तशीरपणावर गाड्या येत होत्या, त्याच वक्तशीरपणाला गळाला लावून त्यांनी मारलं. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही नटाला जमलं नसतं. मात्र चित्रपट तिथे संपत नाही. शेवटी सोबिबोरला आलेल्या गाड्यांची यादी पडद्यावर सरकते, गावं आणि आकडे, आणि लान्झमान ती एकसुरात वाचत राहतो. आधीच्या तासाभरात मिळालेलं समाधान ती यादी काढून घेते.

नेमेशने ‘सन ऑफ सॉल’मध्ये उठावाचं समाधान पहिल्यापासूनच नाकारलंय. कॅमेरा सॉलच्या चेहऱ्यापासून किंवा मानेपासून हातभर अंतरावर असतो आणि तिथून हटत नाही. फ्रेम जवळपास चौकोनी, म्हणजे फोन आडवा धरलात तर दोन्ही बाजूंना जाड काळ्या पट्ट्या. सॉलच्या पलीकडचं सगळं धूसर. प्रेतं म्हणजे फिकट रंगाचे डाग. प्रेक्षकाला इथे हवं ते बघायला मिळत नाही. डोळे फाडून बघण्याची आपली जी सवय आहे तिला नेमेश दारातच थांबवतो. ऐकायला मात्र सगळं आहे. जर्मनमधली दरडावणी, यिडिशमधली कुजबुज, पोलिश, हंगेरियन, फावड्यांचा आवाज, भट्टीचा आवाज. सुरुवातीलाच गॅस चेंबरचं दार बंद होतं आणि ही माणसं खुंट्यांवरचे कपडे काढायला लागतात. आतून दारावर धडका बसत राहतात. लॅपटॉपच्या चिरक्या स्पीकरवर मला हे नीट ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा हेडफोनवर ऐकलं, आणि सॉलचा चेहरा असा दगडासारखा का आहे ते तेव्हा कळलं. गेझा रोरिगने तो चेहरा अख्खा चित्रपटभर तसाच ठेवलाय. शेवटी, जंगलातल्या खोपटाच्या दारात एक पोलिश पोरगा उभा राहतो तेव्हा सॉल पहिल्यांदा हसतो. त्यानंतर गोळ्यांचे आवाज.

इथवर माझी काही तक्रार नाही. हे असं दाखवायला धैर्य लागतं आणि शिस्तही. तक्रार आहे ती पुडी हरवण्याबद्दल.

झोन्डरकमांडोतल्या काही माणसांनी लपूनछपून लिहिलं आणि ते लिखाण दाहगृहांच्या आवारात पुरून ठेवलं. युद्धानंतर ते तुकड्यातुकड्यांनी सापडत गेलं: काही १९४५मध्ये, काही १९५२ला, काही १९६२ला, एक तर १९८०ला. आपल्या चित्रपटाची प्रेरणा याच लिखाणात आहे असं नेमेशने स्वतः सांगितलंय. म्हणून मी ते वाचायला घेतलं, अर्थात इंग्रजी भाषांतरात. त्यात झाल्मान ग्रादोव्स्की भेटला.

ग्रादोव्स्की पोलंडमधल्या सुवाल्कीचा. डिसेंबर १९४२मध्ये कुटुंबासकट बिर्केनाऊला आला. आई, बायको, दोन बहिणी आल्या दिवशीच गेल्या. याला धडधाकट म्हणून झोन्डरकमांडोत टाकलं. त्याने यिडिशमध्ये लिहिलं, आणि नुसती नोंद म्हणून लिहिलं नाही. तो वाचणाऱ्याला हाक मारतो, त्याचा हात धरून गाडीत बसवतो, चंद्राशी भांडतो. भाषा कधी कधी फारच अलंकारिक होते. सुरुवातीला मला ते खटकलं, जिथे हे चाललंय तिथे उपमा कशाला असं वाटलं. नंतर वाटलं, या माणसाला लेखक व्हायचं होतं आणि त्याला मिळालेली जागा हीच होती. ६ सप्टेंबर १९४४ अशी तारीख घातलेल्या पत्रात तो सांगतो की माती धुंडाळा, इथे अजून पुष्कळ पुरलेलं आहे. मारलेल्यांचे दात आपण जमतील तितके आवारात पेरून ठेवलेत असंही सांगतो, पुढे कुणाला पुरावा हवा असला तर म्हणून. हे वाचल्यावर मी वाचन थांबवून खाली चहाला गेलो होतो.

ग्रादोव्स्कीबद्दल दोन गोष्टी कळतात. वाचलेल्या एका सहकैद्याच्या आठवणीनुसार, गाडीतली माणसं जाळून झाली की तो प्रार्थनेची शाल पांघरून त्यांच्यासाठी कद्दिश म्हणायचा. आणि ७ ऑक्टोबर १९४४च्या उठावाच्या म्होरक्यांमध्येही तो होता. त्याच दिवशी तो मारला गेला.

म्हणजे चित्रपटाने जी दोन माणसं एकमेकांसमोर उभी केली, मेलेल्यांसाठी प्रार्थना शोधणारा सॉल आणि जिवंतांसाठी दारू जमवणारा अब्राहम, ती प्रत्यक्षात एकाच माणसाच्या आत होती. ग्रादोव्स्कीला मेलेल्यांचं करताना पुडी हरवावी लागली नाही. उलट मेलेल्यांचं करणं हाच त्याच्या लढण्याचा भाग दिसतो. सॉलला एका मुलाला माती द्यायची आहे. ग्रादोव्स्कीने अॅल्युमिनियमची बाटली मातीत ठेवली, आणि तीत ज्यांना माती मिळाली नाही त्यांच्याबद्दल लिहिलेलं होतं. ही बाटली मार्च १९४५मध्ये दाहगृहाजवळ खणताना सापडली. खणायचं कुठे हे त्याच्याच तुकडीतल्या, जिवंत राहिलेल्या एकाने दाखवलं.

काल्पनिक कथेने इतिहासाची हजेरी घ्यायला हवी असं माझं म्हणणं नाही. पण नेमेशने प्रसंगाचा सांधाच असा बसवलाय की मेलेल्यांची काळजी घेतली की जिवंतांचं नुकसान झालंच पाहिजे. पुडी हरवते ती रब्बाय शोधतानाच. हा पेच पटकथेचा आहे, त्या जागेचा नाही. आणि त्यामुळे माझ्यासारखा प्रेक्षक दोनच खुर्च्यांपैकी एकीवर बसतो: भावनाप्रधान असेल तर सॉलची, हिशेबी असेल तर अब्राहमची.

त्या जागेचा खरा पेच वेगळा होता, आणि माझ्या मते तो जास्त भयानक होता. तो झाल्मान लेवेंतालच्या कागदांत आहे. हे कागद १९६२ला एका बरणीत सापडले. लेवेंतालने उठाव झाल्यानंतर, ऑक्टोबरमध्येच, त्याची हकिकत लिहिली. छावणीत एक मोठी गुप्त संघटना होती, पोलिश आणि इतर कैद्यांची. तिचं म्हणणं: थांबा, रशियन सैन्य जवळ येतंय, मग सगळे मिळून उठू. ते चूक नव्हतं. इतर कैद्यांच्या दृष्टीने जितके दिवस जातील तितकी सुटकेची शक्यता वाढत होती. झोन्डरकमांडोच्या दृष्टीने जितके दिवस जातील तितकी ती घटत होती. गाड्या कमी झाल्या की या माणसांचं काम संपणार, आणि काम संपलं की तेही. सप्टेंबरमध्ये त्यांच्यातल्या २०० जणांना फसवून नेऊन मारलंच होतं. एकाच कुंपणाच्या आत दोन घड्याळं उलट्या दिशेने चालली होती. उठाव पुढे ढकलला जात राहिला, आणि लेवेंतालच्या लिखाणात त्याचा कडवटपणा जागोजागी आहे. चित्रपटात हे अगदीच नाही असं नाही. नावांची यादी मागितली जाते, आता आपला नंबर असं सगळे बोलतात. पण ते सॉलच्या खांद्यामागे, धूसर.

शेवटी ७ ऑक्टोबरला, आणखी ३०० जणांना नेण्याची वेळ आली तेव्हा, ठरलेलं काहीच नसताना चौथ्या दाहगृहात उठाव पेटला. इमारतीला आग लावली गेली. दुसऱ्या दाहगृहातली माणसं कुंपण तोडून पळाली आणि पकडली गेली. झोन्डरकमांडोचे ४५० च्या आसपास मारले गेले, एसएसचे तीन. चौथं दाहगृह मात्र पुन्हा वापरता आलं नाही.

आणि त्या पुडीतली दारू कुठून आली? छावणीलगतच्या वाइक्सेल-युनियन या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातून. तिथे दारूच्या खोलीत काम करणाऱ्या ज्यू मुली चिमूट-चिमूट दारू चिंधीत बांधून, कपड्यांत लपवून बाहेर आणत. महिनोन्‌महिने. बिर्केनाऊत कपड्यांच्या गोदामाकडे काम करणारी रोझा रोबोता ती पुढे पोहोचवायची. उठावानंतर माग काढत एसएस या मुलींपर्यंत पोहोचले. रोझा, आला गेर्टनर, एस्टेर वाइत्सब्लुम आणि रेगिना साफिरश्टाइन. प्रचंड छळ होऊनही त्यांनी साखळीतली बाकीची नावं दिली नाहीत. जानेवारी १९४५च्या पहिल्या आठवड्यात चौघींना फाशी दिलं, दोघींना एका पाळीसमोर आणि दोघींना दुसऱ्या. तीन आठवड्यांनी, २७ जानेवारीला, सोव्हिएत सैन्य आलं. चित्रपटात या सगळ्याच्या वाट्याला एक प्रसंग येतो: एला नावाची स्त्री पुडी देते, सॉलचा हात धरू बघते, तो मागे होतो. प्रसंग चांगला आहे. पण त्या पुडीमागे किती चिमट्या आहेत हे कळलं की ती हरवण्याचा प्रसंग पाहताना पोटात वेगळंच काहीतरी होतं. नेमेशला पुडी हे कथानक पुढे नेण्याचं साधन आहे. हरवली की तिचं काम झालं.

मी स्कॅन केलेल्या जुन्या कागदांवरची अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. प्रत्येक शब्दाला मॉडेल एक आकडा देतं, किती खात्री आहे त्याचा. आकडा ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की तो शब्द आम्ही सोडून देतो, कारण ग्राहकाला चुकीच्या शब्दापेक्षा रिकामी जागा परवडते. लेवेंतालच्या छापील मजकुरात अशाच रिकाम्या जागा आहेत. ओल लागून जिथे शाई गेली तिथे टिंबं. पहिल्या वाचनात मी टिंबांवरून सरळ पुढे जात होतो. मार्सेल नाजारीबद्दल वाचल्यावर ते बंद झालं. नाजारी ग्रीसमधला ज्यू, झोन्डरकमांडोतला, वाचला आणि १९७१ला न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याने ग्रीकमध्ये लिहून थर्मासमध्ये पुरलेली पानं त्याच्या मृत्यूनंतर, १९८०ला सापडली, आणि तेव्हा त्यांतलं अगदी थोडंच वाचता येत होतं. पुढे पावेल पोलियान या रशियन इतिहासकाराच्या हाताखाली एका तरुण आयटीवाल्याने पानांच्या प्रतिमांतले प्रकाशाचे रंगपट्टे वेगवेगळे करून दबलेली शाई वर काढली. आता बहुतेक मजकूर वाचता येतो. त्यातून बाहेर आलेल्या गोष्टींत एक होती सूडाची इच्छा. मला मरणाचं दुःख नाही, सूड घेता येणार नाही याचं आहे, अशा अर्थाचं काहीतरी. इतकी वर्षं तिथे आपल्याला फक्त डाग दिसत होता.

म्हणूनच चित्रपटातली धूसरता मला आता पूर्वीइतकी निर्विवाद वाटत नाही. भयानक ते दाखवू नये म्हणून धूसर करणं मला पटतं. पण त्याच धूसरपणात कारखान्यातल्या मुली, लिहिणारी माणसं, थांबा-उठा यावरचं भांडण हेही गेलं, आणि फोकसमध्ये उरला एकटा माणूस. अपवाद एका प्रसंगाचा. ऑगस्ट १९४४मध्ये या तुकडीतल्या काहींनी छुपा कॅमेरा मिळवून पाचव्या दाहगृहाजवळ चार फोटो काढले, आणि फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर पाठवली. चित्रपटात सॉल त्या कामात मदत करतो. एक जण फोटो काढतोय, बाकीचे आडोसा धरताहेत, धूर मधे येतोय. अख्ख्या चित्रपटात इथेच मला वाटलं की हे सगळे मिळून एक काम करताहेत. ते दोन मिनिटांत संपतं.

ग्रादोव्स्कीने आपल्या पत्रात अमेरिकेतल्या एका नातेवाइकाचा पत्ता लिहून ठेवला होता. ज्याला हे सापडेल त्याने त्यांच्याकडून आमच्या कुटुंबाचा फोटो मागवावा आणि या लिखाणाबरोबर छापावा, अशी त्याची विनंती होती. मी वाचलेल्या ई-बुकमध्ये फोटो उघडत नव्हता, नुसती रिकामी चौकट यायची. त्याचा आणि त्याची बायको सोनिया यांचा फोटो इंटरनेटवर सहज मिळतो. तो शोधून मी पुस्तकाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवलाय.